कळसूबाई, कुस्को आणि लेकीचा विरोध

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ५६, गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तरुणपणापासून सह्याद्रीत भटकंती चालू आहे, कळसूबाई तर कितीदा झाली याची गणती नाही. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. मुलगी न्यू जर्सीला असते, त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा हाताशी आहे. येत्या डिसेंबरात मुलीकडे जाऊन तिथून पुढे चार आठवडे एकटीनं, पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिकेतला पेरू देश फिरायचा बेत आहे. यादी अशी: लिमा, वारासचे बर्फाळ डोंगर, इकितोसचं जंगल, कुस्को, चार दिवसांचा इंका ट्रेल (माचू पिचू या प्राचीन इंका शहराच्या अवशेषांपर्यंतची पायवाट), तितिकाका सरोवर आणि जमलं तर बोलिव्हियातलं उयुनीचं मिठागर. मुक्काम डॉर्ममध्ये, प्रवास रात्रीच्या बसने. मुलगी म्हणते, "आई, हे काय वय आहे का? चांगली टूर घे, पैसे मी भरते." यजमानांचे गुडघे दुखतात, ते एवढंच म्हणतात, "जा तू." बाई शाकाहारी आहेत, संकष्टी धरतात. त्यांचे प्रश्न: या वयात बॅकपॅकिंग म्हणजे वेडेपणा आहे का? टूर घेतली तर ते माझं फिरणं राहील का? आणि लेकीला कसं पटवू?

ताई,

वयाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात सोपा आहे. ज्या बाईला सहा-सात तास चढउतार करायची सवय आहे, तिच्यासाठी ५६ हे पेरूला जायचं अगदी चांगलं वय आहे. पैसा हातात आहे, रजेचा अर्ज करायचा नाही, पाय शाबूत आहेत. तेव्हा जा. माझी अडचण तुमच्या वयाशी नाही, तुमच्या यादीशी आहे.

ती यादी पुन्हा एकदा वाचा. प्रत्येक ठिकाणी उपलब्ध असलेल्यातला सगळ्यात कष्टाचा पर्याय तुम्ही निवडला आहे. ट्रेल हवा तर चार दिवसांचाच, झोपायचं तर दहा जणांच्या खोलीत, प्रवास करायचा तर रात्रभर बसमध्ये. वर जंगल, वर दुसरा देश. पेरू क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे. इकितोसला रस्ताच जात नाही, विमानाने नाहीतर बोटीने पोचावं लागतं. लिमा ते कुस्को बसने वीस तासांच्या वर लागतात. चार आठवड्यांत हे सगळं करायचं तर बराचसा पेरू तुम्हाला बसच्या खिडकीतून, तोही अंधारात दिसेल. मला शंका येते की ही यादी पेरू बघण्यासाठी कमी आणि "मी अजून करू शकते" हे लेकीला दाखवण्यासाठी जास्त झाली आहे. शंका खोटी असेल तर आनंदच आहे. पण खरी असेल तर यादीतली एकेक ओळ घेऊन स्वतःला विचारा, हे कुणालाच सांगायचं नसतं तरी मी केलं असतं का? जिथे उत्तर "नाही" येईल ती ओळ खोडा.

आता टूर की बॅकपॅकिंग. तुमच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती होऊन बसल्या आहेत. एकीकडे झेंड्यामागून चालणारी, वेळेवर नाश्ता करणारी मंडळी, दुसरीकडे स्वतंत्र, खरे प्रवासी. प्रत्यक्षात तुमच्या यादीतला जो सगळ्यात "खरा" भाग, तो इंका ट्रेल, परवानाधारक गाइडशिवाय चालताच येत नाही. दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे आणि त्यात गाइड, आचारी, हमालही धरलेले असतात, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला त्यातली निम्म्याहून कमी जागा. परमिट अधिकृत एजन्सीमार्फतच निघतं आणि मोसमातलं कित्येक महिने आधी संपतं. थोडक्यात, कितीही कट्टर भटक्या असला तरी तिथे तो चार दिवस टूरवरच असतो. आणि टूरने आलेला माणूस दक्षिण पेरूतल्या आरेकिपा शहराच्या बाजारात एकटा फिरला तर तो त्या दिवसापुरता तुमच्यासारखाच. जिथे कायदा, उंची किंवा सुरक्षितता यासाठी सोबत लागते तिथे ती विकत घ्या, बाकीचं तुमचं तुम्ही फिरा. स्थानिक एजन्सीच्या एक-दोन दिवसांच्या सहली कुस्को आणि आरेकिपामध्ये जागोजागी मिळतात. त्या घेतल्यानं तुमच्या सॅकचा अपमान होत नाही.

उंचीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या पत्रात "उंचीचं टेन्शन नाही, आयुष्यभर ट्रेकच केलेत" असं वाक्य आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी थोडं उरतं. इंका ट्रेलवरची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे. सह्याद्रीने तुम्हाला पाय दिले, दम दिला, कातळावरचा तोल दिला. विरळ हवेची सवय तो देऊ शकत नाही, कारण ती त्याच्याकडेच नाही. उंचीचा त्रास कोणाला होईल हे फिटनेसवरून ठरत नाही. किंबहुना दणकट ट्रेकरच पहिल्या दिवशी जोरात चालून आजारी पडतात, कारण त्यांचे पाय थांबा म्हणत नाहीत. लेहला गेला असाल तर तिथे पहिल्या रात्री काय झालं ते आठवा, कुस्को साधारण तेवढ्याच उंचीवर आहे.

साधा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर वाट न बघता खाली उतरायचं. असेटाझोलामाइड नावाची प्रतिबंधक गोळी असते, पण तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती घेताना काळजी घ्यावी लागते. म्हणून ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही, तुमच्या डॉक्टरांना सगळा मार्ग उंचीसकट दाखवून मगच घ्या. तिकडे हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येईल. तिथे तो कायदेशीर आहे आणि रोजचा आहे, खुशाल प्या. पानं मात्र सोबत घेऊन निघू नका, अमेरिकेच्या विमानतळावर ती महागात पडतील.

पुष्कळ जणांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, सुमारे २,४३० मीटरवर. वाटेतलं ओयांतायतांबो गाव २,८०० च्या आसपास. तेव्हा कुस्कोच्या विमानतळावर उतरलात तरी शहरात न राहता त्याच दिवशी गाडी करून ओयांतायतांबोला उतरा, तीन रात्री तिथे काढा, माचू पिचू करा आणि मग कुस्कोला वर या. तोवर शरीर रुळलेलं असतं.

त्याहून चांगलं म्हणजे कुस्कोला थेट उडूच नका. लिमातून दक्षिणेकडे किनाऱ्याने निघा. पाराकासला बोटीतून समुद्रपक्ष्यांची आणि सीलची बेटं, इकाजवळ वाळूच्या टेकड्यांमधलं वाकाचिना, पुढे नाझ्का आणि तिथून आरेकिपा. सगळा प्रवास बसचा, उंची हळूहळू वाढत जाणारी. आरेकिपा २,३०० मीटरच्या थोडं वर आहे आणि माझं ऐकाल तर तुमच्या सहलीचा मुक्कामाचा गाव हाच करा. ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडात बांधलेलं शहर, डोक्यावर ५,८०० मीटरचा मिस्ती पर्वत, आणि १५७९ मध्ये स्थापन झालेला सांता कातालिना मठ, जो आत गेल्यावर मठ न वाटता तांबड्या-निळ्या भिंतींचं आख्खं गाव वाटतो. चार-पाच दिवस इथे राहा. बाजारातून फळं आणा, दुपारी झोपा.

मग कोल्का दरी. खरं तर इंका ट्रेलपेक्षा ही जागा तुमच्या स्वभावाची आहे असं पत्रावरून वाटलं. काबानाकोंदे गावातून पायवाट थेट दरीत उतरते, खाली नदीकाठी छोट्या वस्त्यांमध्ये मुक्कामाच्या साध्या खोल्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी हजारेक मीटरचा चढ चढून वर यायचं. परमिटची मारामारी नाही, गाइड सक्तीचा नाही. इंकांच्याही आधीपासून कसलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून वाट जाते. सकाळी क्रूस देल कोन्दोरच्या कड्यावर थांबलात तर तीन मीटर पंखांचे गिधाडकुळातले कॉन्डॉर दरीतून वर तरंगत येतात, कधीकधी डोळ्यांच्या पातळीवर. आपल्याकडे कोकणकड्यावर तासन् तास बसणारी माणसं असतात, त्यांना इथून उठवणं कठीण आहे. फक्त आरेकिपाहून कोल्काकडे जाताना बस ४,९०० मीटरची खिंड ओलांडते. तिथे उतरून फोटोसाठी पळापळ करू नका, आणि पहिला दिवस वरच्या गावातच काढा.

तिथून तितिकाकाकाठचं पुनो (सुमारे ३,८०० मीटर) किंवा थेट कुस्को. इंका ट्रेल हवाच असेल तर त्याचा एका दिवसाचा छोटा अवतार आहे. रेल्वेच्या १०४ किलोमीटरच्या खुणेपाशी उतरायचं, विन्याय वायनाच्या अवशेषांवरून चालत सूर्यद्वारातून माचू पिचू बघायचं. चढ आहे, पायऱ्या आहेत, शेवटचं दृश्य तेच आहे, तंबूतली थंडी तेवढी नाही. यालाही परमिट आणि गाइड लागतोच. चार दिवसांचा ट्रेल कमी दर्जाचा आहे असं मी म्हणत नाही. मनापासून हवा असेल तर तोच करा आणि त्यासाठी दुसरं काहीतरी गाळा. वारास, इकितोस आणि उयुनी मी तर गाळलेच आहेत. उयुनीसाठी बोलिव्हियाचा व्हिसा वेगळा बघावा लागेल, त्यापेक्षा तो देश पुढच्या खेपेला ठेवा.

आणि डिसेंबर नको. कुस्कोकडे मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम असतो, पाऊस साधारण नोव्हेंबरपासून वाढत जातो आणि जानेवारी-फेब्रुवारीत जोर धरतो. फेब्रुवारीत इंका ट्रेल बंदच ठेवतात. जानेवारी २०१० मध्ये उरुबांबा नदीच्या पुराने माचू पिचूची रेल्वे वाहून गेली आणि अडकलेल्या हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. माचू पिचूच्या पायथ्याच्या गावाला मोटररस्ता नाही, रेल्वे गेली की संपलं. तुम्ही निवृत्त आहात, नाताळच्या सुट्टीला बांधून घ्यायचं काही कारण नाही. मे महिना उत्तम, नाहीतर सप्टेंबर. जून-जुलैमध्ये आकाश स्वच्छ असतं पण गर्दी फार. २४ जूनला कुस्कोत इंती राय्मीचा सूर्योत्सव असतो आणि जुलैअखेर त्यांचा राष्ट्रीय सण, तेव्हा दर चढतात. दोन-तीन दिवस बेतात कोरे सोडा. पेरूमध्ये आंदोलनं झाली की रस्ते आणि रेल्वे अडवतात. राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांना हटवल्यानंतरच्या आंदोलनात, जानेवारी २०२३ मध्ये, माचू पिचू काही आठवडे बंद होतं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी माचू पिचू ठेवणाऱ्यांचे त्यात हाल झाले.

कागदांचं बघू. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, पण त्या व्हिसाची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. असे नियम बदलतात, तिकिटाआधी पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. दुसरं, पीतज्वराची लस. पेरू हा भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात, तुम्ही जंगलात गेला होतात की नाही हे कोणी विचारत नाही. परतताना लेकीकडे आठवडाभर राहिलात तर हा नियम लागत नाही, पण ऐनवेळी थेट परत यावं लागलं तर? लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो आता आयुष्यभर चालतो. साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते आणि अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर ती देत नाहीत, म्हणून घ्यायची असेल तर डॉक्टरांशी बोलून आत्ताच. प्रवासविमा काढताना त्यात किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे ते बारीक अक्षरात वाचा. रक्तदाब लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

जेवणाची तुम्ही विनाकारण धास्ती घेतली आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, आणि राजगिरा, सगळं मूळचं उत्तर-दक्षिण अमेरिकेतलं. आपलं उपवासाचं ताट भगर आणि शिंगाडा सोडला तर जवळजवळ तिकडूनच आलंय. संकष्टीला उकडलेला बटाटा, भाजलेलं रताळं, उकडलेला कसावा (तिकडे युका म्हणतात) आणि किविचा नावाने मिळणारा त्यांचा राजगिरा बाजारात हमखास मिळेल. अडचण येते ती रोजच्या जेवणात. "मांस नको" म्हटलं तर कोंबडी चालते असं समजतात आणि क्विनोआ नावाच्या तिथल्या धान्याच्या सूपला अनेकदा मांसाच्या रश्शाचा आधार असतो. म्हणून चारही नावं घ्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो (मांस, कोंबडी, मासा, रस्सा नको). आरेकिपातलं सोल्तेरितो म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे, मका, चीज, ऑलिव्ह यांची कोशिंबीर, तुम्हाला आवडेल. कंटाळा आला तर चिफा नावाची चिनी-पेरूवी खानावळ शोधा, भाज्यांचा फ्राइड राइस मिळतो. मुक्कामाला स्वयंपाकघर असेल तर एवढं लक्षात ठेवा की कुस्कोत पाणी नव्वद अंशांच्याही आधी उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. घरून सुटं धान्य, बिया नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

स्पॅनिश सहा महिने शिका. आकडे, दिशा, वेळ, दुखणं एवढं आलं तरी पुरे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, उच्चारात तुम्ही इंग्रजांच्या पुढे असाल.

आता लेक. तिच्या विरोधाला तुम्ही "वयाचा टोमणा" म्हटलं आहे. मला त्यात भीती ऐकू आली, आणि ती सगळी खोटी नाही. लिमातली गुन्हेगारी वाढली आहे, २०२५ मध्ये सरकारने तिथे आणीबाणी जाहीर करून रस्त्यावर सैनिक उतरवले होते. याचा अर्थ लिमा टाळायचं असं नाही. मिराफ्लोरेस किंवा बारांको भागात राहायचं, टॅक्सी रस्त्यात हात दाखवून न करता अॅपवरून बोलवायची, रस्त्यात फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहायचं नाही, पैसे आणि कार्डं दोन जागी ठेवायची, नव्या गावात उजेडी पोचायचं. रात्रीच्या बस मी याचसाठी काढून टाकल्या. डोंगरातले घाटरस्ते दिवसाच बरे, शिवाय खिडकीबाहेर काहीतरी दिसतं. डॉर्मऐवजी हॉस्टेलमधलीच एकटीची खोली घ्या. स्वयंपाकघरात गप्पा मारायला माणसं तीच मिळतात, पहाटे तीनला कुणाच्या सॅकच्या चेनचा आवाज मिळत नाही. सॅक आठ-नऊ किलोच्या वर नको, कपडे धुऊन देणारी दुकानं प्रत्येक गावात आहेत.

लेकीला पटवायला वाद घालू नका, तिला सुधारलेला बेत पाठवा: तारखा, मुक्कामाचे पत्ते, प्रत्येक रात्रीची उंची, विम्याची प्रत. रोज रात्री एक मेसेज कबूल करा, आणि कोल्कात उतरल्यावर कदाचित रेंज मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या रात्री ती दूतावासाला फोन लावेल. तिला टूरचे पैसे भरायचेच असतील तर विम्याचे आणि स्वतंत्र खोल्यांचे भरू दे. घ्यायला संकोच करू नका, तिलाही काहीतरी हातभार लावायचा असेल.

यजमानांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं, इंका ट्रेलच्या परमिटबद्दल सात. "जा तू" याचे तुम्ही परवानगी आणि नाराजी असे दोन अर्थ लावून झालेत. तिसराही असू शकतो: मला यायचंय, पण गुडघ्यांमुळे मागे पडेन, तुझा खोळंबा होईल. मला यातलं खरं काय ते कळणं शक्य नाही, तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. लेक फोनवर नसताना विचारा. यायचं असेल तर लिमा आणि आरेकिपा हे सपाटीवर, बाकावर बसत बसत फिरायचे गाव आहेत. दोघांमध्ये विमानही आहे. त्यांनी दहा दिवस तिथवर तुमच्यासोबत यावं, मग न्यू जर्सीला नातवंडांत जावं आणि तुम्ही दरीकडे. त्यांचाही व्हिसा, लस, डॉक्टर हे सगळं आलंच. आणि "खरंच नको, घरीच बरा" असं म्हणाले तर तेही खरं माना, त्यांना शिक्षा केल्यासारखं रोज फोटो पाठवत बसू नका.

कामाला लागताना पहिल्यांदा पासपोर्ट काढून मुदत बघा. ट्रेलचं परमिट आणि माचू पिचूचं तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं आणि दारात मूळ पासपोर्टशी ताडून बघतात. नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरका. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही सोबत न्या. मग परमिट, मग माचू पिचूचं तिकीट. हे काढताना कुठला सर्किट आहे ते नीट बघा, कारण आतले मार्ग ठरलेले आणि एकाच दिशेचे आहेत आणि आपण फोटोत पाहतो तो वरून दिसणारा देखावा प्रत्येक तिकिटात येत नाही. या दोन्ही तारखा हाती आल्या की विमानाचं तिकीट.